मार्ग मोकळा करण्यापूर्वी

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे भीमेच्या खोऱ्यातील गाव. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे त्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. या भागातील शेतकरी रात्री-अपरात्री पिकास पाणी देण्यासाठी शिवारात जातो. त्यास तेथे 'दारे धरणे' असे म्हणतात. एखाद्या रात्री पाटाचा बांध फुटतो. मग शेतकरी पाणी अडवितो, फावड्याने माती ओढून खिंडार बुजवितो आणि ती माती पायाने तुडवून घट्ट करितो. येथवरचे काम कोणालाही जमेल. परंतु अनुभवी माणूस ओळखू येतो तो यापुढे. तो पाण्याचा सगळा लोंढा एकदम सोडीत नाही. प्रथम बोटभर पाणी जाऊ देतो, बांधाच्या कडेला बसून माती कोठे पाझरते काय ते पाहतो, आणि ती बसली अशी खात्री झाली म्हणजेच दार पुरते उघडतो.

वढूहून वाहत जाणारी भीमा पुढे दौंडला पोहोचते. तेथे तिला लोहमार्ग भेटतो. वढूला आगगाडी नाही. तेथील माणसांना गाडी गाठावयाची तर पुण्यास किंवा लोणी-उरुळीकडे जावे लागते. पुण्याहून दौंडकडे जाणारा हा लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव, कडेठाण, पाटस अशी स्थानके घेत तो दौंडला जातो. या मार्गाची दुरुस्ती करणाऱ्या माणसांनाही दारे धरणाऱ्या शेतकऱ्याप्रमाणेच वागावे लागते. त्यांच्या बांधावरून मात्र पाणी जावयाचे नसते. चार-पाच हजार टनांची मालगाडी किंवा हजाराहून अधिक झोपलेले उतारू घेऊन जाणारी प्रवासी गाडी जावयाची असते.

लोहमार्ग वरवर पाहता फार भक्कम वाटतो. आजच्या मुख्य मार्गावरील रुळाचे वजन दर मीटरला ६० किलोग्रॅम असते. म्हणजे १३ मीटरांचा एक तुकडा ७८० किलोग्रॅम भरतो. त्याखाली सिमेंट काँक्रीटचे स्लीपर, साधारणतः ६० सेंटीमीटरांच्या अंतराने. रूळ स्लीपरला धरून ठेवण्यासाठी वाकविलेल्या पोलादाच्या चिमट्यासारख्या कळा असतात. कामगार त्यांना 'चावी' म्हणतात. एवढे सारे लोखंड आणि काँक्रीट मात्र कशावर टेकलेले असते, तर सुट्या दगडांवर. ही काळी, टोकदार गिट्टी कोठेही चुन्याने वा सिमेंटने जोडलेली नसते. तिची टोके एकमेकांत अडकतात आणि त्या अडकण्यावरच मार्ग स्थिर राहतो. गाडीचा भार ती खालच्या जमिनीवर पसरविते, स्लीपरला इकडे-तिकडे सरकू देत नाही आणि पावसाचे पाणी खाली झिरपू देते.

वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी या दगडांची टोके झिजतात. त्यांच्या सांदीत भुकटी व माती साचते. मग पाणी तुंबते, चिखल होतो आणि गाडी जाताना स्लीपर खालीवर हलू लागतो. अशा वेळी गिट्टी उपसून, चाळून, माती टाकून देऊन पुन्हा भरावी लागते. कोठे रूळ झिजलेला असतो, कोठे सांध्यात दोष निघतो. तेव्हा रूळ कापून नवा तुकडा बसवावा लागतो. आता यांपैकी बरेच काम अवाढव्य यंत्रे करितात. तथापि यंत्र असो वा पहार, काम चालू असताना तो मार्ग मार्ग राहिलेला नसतो. रुळांचा आकार तसाच दिसतो, चांदण्यात ते तसेच चकाकतात. परंतु त्यांच्यावरून गाडी गेली तर ती उलटेल.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी तेवढ्या भागातील वाहतूक ठरावीक वेळेपुरती बंद करून घ्यावी लागते. यालाच रेल्वेच्या भाषेत 'ब्लॉक' म्हणतात. मुंबईच्या उपनगरांतील रविवारच्या 'मेगाब्लॉक'मुळे हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. एवढ्यावर भागत नाही. नियमाप्रमाणे कामाच्या जागेपासून ६०० मीटरांवर मार्गात आडवे लाल निशाण लावितात आणि १२०० मीटरांवर रुळावर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके बसवितात. चुकून एखादी गाडी आलीच, तर चाकाखाली फटाके वाजतात, चालक सावध होतो आणि लाल निशाणापाशी किंवा त्याच्या आत थांबण्यास त्याला अवसर मिळतो. रात्री निशाणाबरोबर लाल दिवाही लागतो.

हे सर्व कामाच्या प्रारंभी करावयाचे. प्रारंभी माणसे ताजीतवानी असतात, वेळ हाताशी असतो आणि धोका डोळ्यांपुढे असतो. कठीण असतो तो शेवटचा अर्धा तास.

अशी कल्पना करावी, की यवत आणि खुटबाव यांच्या दरम्यान पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावर रात्री १ ते ४ असा तीन तासांचा ब्लॉक मिळाला आहे. साडेतीन वाजले आहेत. नवा रूळ बसला आहे. हातपाय थकले आहेत, गार वारा सुटला आहे. दौंडला एक गाडी येऊन उभी आहे आणि तिच्यामागे दुसरी येत आहे. नियंत्रण कक्षातून दूरध्वनीवर विचारणा होते, "मार्ग चारला मिळणार ना?" प्रश्न साधा आहे. त्यात धमकी नाही, रागही नाही. परंतु कामावरच्या इंजिनिअराला त्यातून दोन्ही गाड्यांतील ताटकळलेली माणसे दिसतात. ठरलेल्या वेळेत मार्ग परत मिळाला नाही, तर 'ब्लॉक फुटला' असे म्हणतात, आणि का फुटला याचा जाब दुसऱ्या दिवशी द्यावा लागतो.

या वेळी मोजमाप सुरू होते. आपल्याकडील रुंद मार्गावर दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. ते योग्य आहे काय, हे डोळ्यांनी ठरवीत नाहीत. दोन्ही रुळांवर आडवी पट्टी ठेवून पाहतात. त्याच पट्टीवर दोन्ही रूळ एका पातळीत आहेत की एक खचला आहे, हेही कळते. वळणावर बाहेरचा रूळ मुद्दाम थोडा उंच ठेवितात. तेव्हा तेथे पातळी सारखी असली तरच चूक समजावयाची! प्रत्येक चावी जागेवर बसली आहे ना, सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचे बोल्ट आवळले आहेत ना, स्लीपरखाली गिट्टी घट्ट ठोकली आहे ना आणि स्लीपरच्या टोकांपाशीही ती पुरेशी भरली आहे ना, हे पावला-पावलाने पाहावे लागते.

स्लीपरच्या टोकांपाशी गिट्टी कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. भार तर खाली पडतो, बाजूला नाही. याचे उत्तर उन्हात आहे. पोलाद तापले की वाढते. १३ मीटरांचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला, तर सुमारे ६ मिलिमीटरांनी लांबतो. पूर्वी प्रत्येक सांध्यात यासाठी फट ठेवीत. गाडीची ती ओळखीची खटक-खटक त्या फटींचीच होती. आता रूळ एकमेकांस वितळजोड देऊन लांबच लांब केलेले असतात. असा एक किलोमीटर रूळ मोकळा असता, तर तेवढ्याच उष्णतेने जवळजवळ ४६ सेंटीमीटर वाढला असता. त्याला वाढू दिले जात नाही. चाव्या, स्लीपर आणि गिट्टी त्याला जखडून ठेवितात. तेव्हा ती सगळी वाढ रुळाच्या अंगात दडपलेल्या जोराच्या रूपाने राहते. गिट्टी कोठे ढिली असेल, तर नेमक्या त्या जागी हा जोर बाहेर पडतो आणि सरळ मार्ग सापासारखा वळतो.

ब्लॉक संपतो पहाटे चारला. त्या वेळी रूळ हाताला गार लागतो आणि सुताप्रमाणे सरळ दिसतो. दौंडच्या माळावर चैत्र-वैशाखातील दुपारी दोन वाजता तोच रूळ हात लाविता येणार नाही इतका तापणार असतो. 'मार्ग ठीक आहे' अशी सही करणाऱ्याला पहाटेच्या गारव्यात उभे राहून त्या दुपारचा विचार करावा लागतो. म्हणूनच रुळाचे तापमान मोजण्याचे वेगळे तापमापक असतात. हवेचे तापमान पाहून येथे चालत नाही.

मार्ग जुळला, तरी जागा मोकळी झाली असे नाही. आता हत्यारे गोळा करावयाची. समजा, रात्री बारा पहारी आणल्या होत्या आणि गोळा केल्यावर अकराच भरल्या. चार वाजण्यास आठ मिनिटे उरली आहेत. मुकादम पुन्हा मोजतो. अकराच.

"एक पहार कमी आहे, साहेब."

"नीट मोजल्यात ना, मुकादम? नाहीतर कोणी गाडीत ठेवली असेल."

"दोनदा मोजल्या. गाडीतही पाहिले. बाराच आणल्या होत्या, वहीत लिहिल्या आहेत."

इंजिनिअर घड्याळाकडे पाहतो आणि दूरध्वनी उचलून आणखी पंधरा मिनिटे मागून घेतो. विजेऱ्या घेऊन माणसे पुन्हा पसरतात. पहार सापडते, ती गिट्टीच्या ढिगाखाली अर्धी दबलेली. तिचे दुसरे टोक रुळाकडे तिरके वर आलेले असते. बारा मिनिटे गेली. दौंडच्या गाडीतील एखादा उतारू जागा होऊन म्हणाला असेल, "काय हा उशीर!" त्याचे म्हणणे चुकीचे नाही. त्याला पहारीची हकीगत कोण सांगणार?

ही पहार रुळापासून हातभर दूर असती तरी काय बिघडले असते, असे वाटणे साहजिक आहे. परंतु गाडीचा डबा रुळांपेक्षा बराच रुंद असतो. त्याची रुंदी सव्वातीन मीटरांच्या आसपास, आणि रुळांमधील अंतर पावणेदोन मीटरांहून कमी. म्हणजे प्रत्येक बाजूस डबा रुळाच्या बाहेर जवळजवळ पाऊण मीटर डोकावतो. रुळापासून दूर वाटणारा गिट्टीचा ढीग, बाजूला उभा केलेला जुना स्लीपर किंवा आडवी पडलेली पहार वास्तविक गाडीच्या वाटेतच असू शकते. काही ठिकाणी दोष आणखी वेगळ्या रीतीने प्रकट होतो. रुळांतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडून मार्गावर गाडी आहे की नाही, हे ओळखण्याची व्यवस्था पुष्कळ मार्गांवर असते. तेथे दोन्ही रुळांना टेकून लोखंडी पहार पडली, तर यंत्रणेस गाडीच उभी आहे असे वाटते आणि सिग्नल लाल राहतो. ही चूक निदान स्वतःहून बोलते; ढिगाखाली दबलेली पहार बोलत नाही.

हत्यारांनंतर माणसे मोजावयाची, आणि हे त्याहून महत्त्वाचे. किलोमीटरभर अंतरावर निशाण घेऊन उभा असलेला माणूस, पाणी आणण्यास गेलेला माणूस, ढिगाच्या आडोशाला क्षणभर टेकला आणि डोळा लागला असा माणूस, सारे दिसले पाहिजेत. पुणे-दौंड मार्गावर आता विजेवर गाड्या चालतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तारेजवळ काम असेल, तर वीज बंद करून शिवाय तार दोन्ही टोकांना जमिनीशी जोडावी लागते, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत जाते. काम संपल्यावर प्रथम माणसे खाली उतरावयाची, मग या जोडण्या काढावयाच्या, सर्वांना बजावून सांगावयाचे की आता तार जिवंत समजावी, आणि त्यानंतर वीज सोडण्यास संमती द्यावयाची. हा क्रम उलटा केला, तर त्याची किंमत वर चढलेला माणूस देतो.

दोन मार्ग शेजारी असले म्हणजे आणखी एक फसवणूक होते. आपला मार्ग बंद असतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि सामान उचलताना शेजारच्या मार्गावर पाऊल ठेवितो. तो मार्ग चालू असतो. रुळांवर काम करणाऱ्यांचे जीव केवळ मोठ्या अपघातांतच जातात असे नाही. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे नाशिक जिल्ह्यात लासलगावजवळ तारांच्या दुरुस्तीचे काम करणारे रेल्वेचेच एक वाहन रुळांवरील चार कामगारांवर गेले आणि ते चौघे मरण पावले.

एवढे सर्व झाले, तरी लाल निशाण अजून जागच्या जागी असते. सर्वांत आधी लागलेले ते निशाण सर्वांत शेवटी निघते. हत्यारे, माणसे, यंत्रे मार्गाबाहेर गेली, मोजमाप पुरे झाले, जबाबदार इंजिनिअराने 'काढा' असे सांगितले, म्हणजेच ते निघते. केवळ काम संपल्यासारखे दिसते म्हणून कोणी ते उचलीत नाही.

ही शिस्त कोणा एका विद्वानाने घरी बसून रचलेली नाही. तिच्यातील एकेक कलम कोठेतरी झालेल्या चुकीतून आलेले आहे. अशी एक चूक ९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधील स्टेपलहर्स्ट या गावाजवळ झाली. तेथे एका लहानशा पुलावरील लाकडे बदलण्याचे काम चालले होते. त्यासाठी रूळ काढावे लागत आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पुन्हा बसवावे लागत. काम अगदी संपत आले होते. त्या मार्गावर एक गाडी अशी होती, की तिची वेळ समुद्राच्या भरती-ओहोटीवर अवलंबून असे. बोट बंदरात केव्हा लागेल त्यावर ती सुटे, आणि म्हणून रोज तिची वेळ निराळी. मुकादमाने वेळापत्रकात त्या दिवसाऐवजी भलत्याच दिवसाची वेळ पाहिली. गाडी येण्यास अजून दोन तास आहेत असे समजून त्याने रूळ काढविले.

तरीही गाडी वाचू शकली असती. नियमाप्रमाणे लाल निशाण घेतलेल्या माणसाने १००० यार्डांवर, म्हणजे ९०० मीटरांहून थोडे अधिक अंतरावर, उभे राहावयाचे होते. तो उभा होता ५५४ यार्डांवर, म्हणजे जेमतेम ५०० मीटरांवर. गाडी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने येत होती. या वेगाने ५०० मीटर तोडण्यास किती सेकंद लागतात, हे वर्गातील कोणीही गणित करून पाहावे. उत्तर पंचवीसच्या आत येईल. त्या काळच्या ब्रेकांना तेवढा अवसर पुरण्यासारखा नव्हता. डबे पुलावरून खाली कोसळले. दहा माणसे मृत्यू पावली आणि चाळीस जखमी झाली.

या गाडीत 'डेव्हिड कॉपरफील्ड' या कादंबरीचे कर्ते चार्ल्स डिकन्स बसलेले होते. त्यांचा डबा पुलाच्या कडेला लोंबकळत राहिला. ते खिडकीतून बाहेर पडले, बरोबरच्या माणसांना त्यांनी बाहेर काढविले आणि आपल्या टोपीत पाणी भरून आणून ते जखमींना पाजीत राहिले. मग त्यांना आठवले, की लिहीत असलेल्या कादंबरीची हस्तलिखित पाने डब्यातच राहिली आहेत. ती आणण्यास ते पुन्हा आत चढले. पुढे आगगाडीत बसले की त्यांना कापरे भरे. पाच वर्षांनी, नेमक्या ९ जूनलाच, त्यांचे निधन झाले.

दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशातील गोष्ट म्हणून हिच्याकडे पाहणे सोपे आहे. पण १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगर जिल्ह्यातील खतौली येथे जवळजवळ तेच पुन्हा घडले. रुळाच्या सांध्याची दुरुस्ती चालू होती; मात्र तिच्यासाठी ब्लॉक मिळालेला नव्हता. चालकाला सावध करणारी खूण मार्गात नव्हती. पुरीहून हरिद्वारकडे जाणारी उत्कल एक्सप्रेस वेगाने त्या उघड्या जागेवर आली. डबे एकमेकांवर चढले, शेजारच्या घरांवर आदळले आणि वीसहून अधिक माणसे मरण पावली. दोन्ही ठिकाणी कामगारांना रूळ बसविण्याचे काम येत नव्हते असे मुळीच नाही. मार्ग उघडा आहे, ही गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. ती इतरांस कळविण्यात उणेपणा राहिला.

म्हणून यवतजवळच्या त्या पहाटेकडे पुन्हा वळू. निशाण निघाले, आता शब्द द्यावयाचा. इंजिनिअर लेखी कळवितो, की अमुक किलोमीटरपासून अमुक किलोमीटरपर्यंत मार्ग गाडीस योग्य आहे, अमुक वेगाने. हा वेगाचा आकडा त्या निरोपाचा प्राण होय. नुसते 'मार्ग तयार' असे म्हणणे अर्धे सांगणे ठरेल. निरोप दूरध्वनीवरून जातो तेव्हा ऐकणाऱ्याने तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा लागतो. शिवाय दोन्ही बाजू एकमेकांस एक गुप्त अंक सांगतात; त्यास 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. प्रत्येकाजवळ अशा अंकांचा छापील तक्ता असतो आणि एकदा वापरलेला अंक खोडला जातो. दोघांच्या वह्यांत दोन्ही अंक लिहिलेले असले, म्हणजे 'मी असे बोललोच नव्हतो' किंवा 'मला तसे ऐकू आले' ही भाषा उरत नाही. एका अक्षराच्या ऐकण्यात चूक झाली तर काय होईल, याची येथे चेष्टा करून चालत नाही.

चालकासही तोंडी सांगत नाहीत. स्थानकावर त्याला लेखी सावधगिरीचा आदेश मिळतो आणि तो त्यावर सही करितो. याशिवाय मार्गाच्या कडेला पिवळ्या पाट्या उभ्या राहतात. पहिली पाटी पुढे वेग कमी करावयाचा आहे असे सुचविते, दुसरीवर वेगाचा आकडा असतो, आणि शेवटची पाटी पूर्ण गाडी त्या जागेबाहेर पडल्यावर वेग वाढविण्यास मोकळीक देते. इंजिन बाहेर पडले म्हणून वेग वाढवावयाचा नाही. शेपटाचा डबा अजून नव्या गिट्टीवर असतो.

पहिली गाडी येते ती ताशी २० किलोमीटरने. सायकलवरचा धडधाकट मुलगा तिच्या बरोबरीने जाऊ शकेल. कामगार रुळापासून दूर उभे राहून तिच्याकडे पाहत असतात, पण त्यांचे लक्ष डब्यांकडे नसते. ते खाली पाहतात. चाक आले की स्लीपर किती दबतो, चाक गेले की तो परत वर येतो की नाही, कोठे गिट्टी घरंगळते काय, सांध्यावर आवाज कसा येतो, हे ते पाहतात आणि ऐकतात. दारे धरणारा शेतकरी पाटाच्या कडेला बसून जे करितो, तेच.

कोठे स्लीपर अधिक दबलेला दिसला, तर दुसरी गाडी येण्याआधी तेथे पुन्हा गिट्टी ठोकतात. गाड्यांच्या वजनानेच दगड एकमेकांत रुतून बसतात. त्याला काही काळ द्यावा लागतो. ताज्या गिट्टीला बसविण्यासाठी मार्ग थरथरविणारी यंत्रेही आता आहेत, त्यामुळे हा काळ कमी होतो. दोन-चार दिवसांनी पुन्हा मोजमाप घेतात, पुन्हा गिट्टी भरितात, आणि पाटीवरचा आकडा २० चा ४५ होतो. मग आणखी काही दिवस. घाई झालेल्या उतारूस वाटते, की महिनाभर येथे गाडी उगीच रेंगाळते. काम तर केव्हाच संपले, माणूसही दिसत नाही. खिडकीतून त्याला पिवळी पाटी दिसते, पण तिच्याखालची गिट्टी अजून बसत आहे हे दिसत नाही.

दरम्यान एक माणूस तेथे रोज येत असतो. त्याला 'कीमॅन' म्हणतात. खांद्यावर हातोडा आणि पिशवीत चार-दोन चाव्या व लाल-हिरवी निशाणे घेऊन तो आपल्या वाट्याचे काही किलोमीटर रूळ पायी पाहत जातो. उन्हाळ्यात तो सांधे व वळणे पाहतो. थंडीत रूळ आखडतात, म्हणून तडा कोठे गेला काय ते पाहतो. नव्या जागेवर आला की त्याची चाल मंदावते. एखादी चावी थोडी सरकलेली असते. तो वाकतो, हातोड्याचे दोन घाव घालतो, हाताने चाचपून पाहतो आणि पुढे निघतो. एका सकाळी पाट्या काढून नेलेल्या असतात. थोड्या वेळाने दौंडकडून येणारी गाडी आपल्या नेहमीच्या वेगाने तेथून जाते, आणि तो बाजूस उभा राहून हिरवे निशाण दाखवितो.